कोयनेच्या फुगवट्याकाठी ग्रॅव्हल सायकलने जाण्यासारखा मार्ग कोणता?

वळणवाट_पुणे:

नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्ही तिघे जण सातारा, कास, बामणोली, तापोळा आणि महाबळेश्वर असा दोन-तीन दिवसांचा सायकलप्रवास करण्याच्या विचारात आहोत. तिघांकडेही ग्रॅव्हल सायकली (खडी-मातीच्या रस्त्यांवरही चालणाऱ्या, रुंद टायरच्या) असून टायर ४० मिलिमीटरचे आणि ट्यूबलेस आहेत. परदेशातील नदीकाठच्या मातीच्या सायकलमार्गांची वर्णने वाचल्यापासून कोयनेच्या पाण्याच्या कडेकडेने, जंगलातून जाणारा आणि शक्यतो डांबर टाळणारा एखादा मार्ग आपल्याकडेही आखता येईल, असे आम्हांला वाटते आहे. नकाशावर बामणोलीच्या समोरचा, म्हणजे पश्चिमेकडचा काठ वासोटा किल्ल्यापासून दक्षिणेला हेळवाकपर्यंत सलग हिरवा दिसतो आणि उपग्रहचित्रात त्यात काही वाटाही दिसतात. तेथून सायकलने जाता येईल का? तसेच बामणोली किंवा तापोळा येथील लाँचमध्ये सायकली घेतात का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जावळीकर:

पश्चिम काठाचा विचार आधीच सोडून द्यावा, म्हणजे बाकीचे नियोजन सोपे होईल. तो काठ कोयना अभयारण्याचा आहे. १९८५ साली अभयारण्य घोषित झाले आणि २०१० पासून ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोट्याला जाणारे लोकसुद्धा बामणोलीत वनखात्याची परवानगी घेऊन, लाँचने पलीकडे उतरून, ठरलेल्या वाटेने वर चढतात आणि त्याच दिवशी परततात. उपग्रहचित्रात दिसणाऱ्या वाटा उठून गेलेल्या गावांच्या, गुरांच्या किंवा वनखात्याच्या गस्तीच्या असतात. त्यांवर सायकल घालणे हा सरळसरळ कायद्याचा भंग ठरेल.

दुसरी गोष्ट नदीकाठाविषयी. कोयना महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीच्या धारेला समांतर अशी थेट दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी टप्प्यातील दरीचा तळ, म्हणजे जेथे नदीकाठचा सपाट रस्ता असू शकला असता तीच जागा, धरण झाल्यापासून शिवसागर जलाशयाखाली आहे. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावणाऱ्या या जलाशयाने शेते, गावठाणे आणि गाडीवाटा एकदमच पोटात घेतल्या, आणि उरलेल्या गावांना जोडणारे रस्ते नंतर डोंगराच्या कुशीवर, एकेका ओढ्याच्या खोबणीत आत शिरून पुन्हा बाहेर येणारे, असे काढावे लागले. त्यामुळे नकाशावर चार किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात दुप्पट भरू शकते आणि सपाटी जवळजवळ कोठेच मिळत नाही. परदेशातील जे मार्ग आपण वाचले असतील ते बहुधा जुन्या रेल्वेच्या किंवा कालव्याच्या बांधावरचे असतील. तसले काही येथे नाही, आणि ते नाही म्हणून हा मुलूख कमी दर्जाचा ठरत नाही.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला पोहोचावे. तेथील तलावातून सातारा शहराला पाणी मिळते. पुढचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते. पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेने निघणारा, राजमार्ग म्हणून ओळखला जाणारा जुना रस्ता ग्रॅव्हल सायकलवाल्याला मोह पाडणारा आहे. परंतु फुलांच्या हंगामात तेथे चाके नेऊ नयेत आणि एरवीही मळलेल्या चाकोरीबाहेर पडू नये. जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो, आणि सीतेची आसवे किंवा गेंद यांसारख्या वनस्पतींचे बी त्याच थरात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून असते. नोव्हेंबरात कोरडे, ओसाड दिसणारे पठार मोकळे रान समजून त्यावर सायकली पिटाळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत चांगले शिकलेसवरलेले लोकच अधिक होते.

कासहून बामणोलीचा उतार सुमारे पाचशे मीटरांचा आहे. बामणोलीहून तापोळ्याला पाण्याने जावे, असे माझे मत आहे. पूर्ण लाँच ठरवली तर नावाडी सायकली आडव्या ठेवून घेतात. दर तेथील फलकावर पाहून आधीच बोलून घ्यावा. तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत मात्र सुमारे सातशे मीटर उंची पुन्हा कमवावी लागते.

पवनचक्की_पठार:

वरील माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर या मार्गाचा बहुतेक भाग डांबरी आहे, आणि शनिवार-रविवारी त्यावर पर्यटकांच्या मोटारींची रांग असते. ग्रॅव्हलचे खरे सुख हवे असेल तर साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर आणि तेथून चाळकेवाडी गाठावी. तेथील पठारावर पवनचक्क्यांपर्यंत अवजड भाग नेण्यासाठी केलेले मुरमाचे रुंद सेवारस्ते आहेत. त्यांवर वाहने तुरळक असतात आणि पश्चिमेकडे कोयनेचे खोरे उघडे पडते. काही रस्त्यांवर सुरक्षारक्षक असतात, त्यांना विचारूनच पुढे जावे. जंगल मात्र तेथे नाही, वारा भरपूर आहे. पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत, हे समोरून वारा आला की पटते.

खेडची_वाट:

पुण्या-साताऱ्याकडची मंडळी हा मुलूख नेहमी पूर्वेकडूनच पाहतात, म्हणून कोकणातून एक सूचना करतो. फेरीऐवजी आडवा छेद घ्यावा. कोकण रेल्वेने खेडला उतरून खोपीमार्गे रघुवीर घाट चढला की शिंदी हे गाव लागते आणि आपण सातारा जिल्ह्यात, कांदाटी खोऱ्यात प्रवेश करतो. खेड जवळजवळ समुद्रसपाटीला असल्यामुळे हा चढ पायांची परीक्षा घेतो, पण माथ्यावर उभे राहिल्यावर एका बाजूला कोकणात कोसळणारे कडे आणि दुसऱ्या बाजूला कोयनेकडे उतरत जाणारी रानझाडी असे दोन निराळे देश दिसतात. पुढे अकल्पे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोठे डांबर, कोठे उखडलेली खडी, कोठे नुसता जांभ्याचा फुफाटा, अशी सतत अदलाबदल होत राहते. रोड सायकलला तो सोसत नाही आणि माउंटन सायकल तेथे उगाच जड पडते. ग्रॅव्हल सायकलचे प्रयोजन मला याच रस्त्यावर नीट उमगले.

या खोऱ्यातील बहुतेक कर्ती माणसे मुंबईला असतात. गावांत वृद्धच अधिक, आणि बंद घरेही पुष्कळ. हॉटेल मिळेल असे गृहीत धरू नये. आदल्या दिवशी निरोप दिला तर एखाद्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठले मिळते, त्याचे पैसे मात्र आग्रहाने द्यावेत. खोऱ्यातून तराफ्याने (वाहने पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीने) किंवा लाँचने तापोळ्याला उतरता येते. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरडी कोसळतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा मार्ग विचारातच घेऊ नये.

वळणवाट_पुणे:

सर्वांचे मनापासून आभार. पश्चिम काठाचा बेत रद्द केला आहे आणि खेडहून साताऱ्याकडे येण्याची कल्पना तिघांनाही पटली आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. तराफ्यावर अवलंबून राहणे कितपत खात्रीचे आहे, आणि अशा मिश्र रस्त्यासाठी टायरमध्ये हवा किती ठेवावी?

जावळीकर:

खेडकडून येणार असाल तर वरील मार्ग उलट्या क्रमाने घ्यावा लागेल. तापोळ्यानंतर बामणोली, कास आणि सातारा असा क्रम ठेवल्यास महाबळेश्वरची गर्दी आपोआप टळते.

तराफ्याची खात्री ऋतूवर अवलंबून असते. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत धक्क्याला लागून चढता-उतरता येते. नंतर वीजनिर्मिती आणि सिंचन यांसाठी पाणी जसजसे खाली जाते तसतशी उतरण्याची जागा सरकते, आणि मे महिन्यात धक्का आणि पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचा लांब उतार तयार होतो, ज्यावरून सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. शेवटची फेरी कधी, हे सकाळीच गावात विचारावे आणि दुपारी तीनपर्यंत काठावर पोहोचावे. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर सायकल चालवणे इष्ट नाही; गवा सहसा बाजूला होतो, पण वळणावर अचानक समोर आलेल्या माणसाला अस्वल शत्रू समजते. झाडीतल्या आंधळ्या वळणांवर घंटी वाजवत राहावे.

हवेबद्दल म्हणाल तर सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या स्वाराने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी. सायकलवर सामान लादले असेल तर मागे थोडी वाढवावी. फार कमी केल्यास जांभ्याच्या धारदार कडेवर रिमला ठोकर बसते. सीलंट (ट्यूबलेस टायरमधला, भोक बुजवणारा द्रव) बाभळीचा काटा सहज पचवतो, पण टायरची बाजू फाटली तर ते उपयोगी पडत नाही. म्हणून प्रत्येकाकडे एक ट्यूब, टायरच्या आतून लावायचा तुकडा आणि ब्रेकपॅडचा एक जादा संच असावा. सर्वांत हलक्या गिअरला मागच्या चक्राचे दाते निदान पुढच्याइतके असावेत, कारण रघुवीर घाटात आणि नंतर बामणोलीहून कासकडे चढताना तोच गिअर तासन्‌तास लागतो. मोबाइलची रेंज खोऱ्यात अनेक ठिकाणी जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि शिंदीला पोहोचण्यापूर्वी घरी कळवून ठेवावे.