खेळताना लॅग, मीटिंगमध्ये तुटणारा आवाज: पॅकेज वाढवण्याआधी काय पाहावं?

प्रेषक: मेधा, मिसिसागा

सर्वांना सप्रेम नमस्कार,

विषय मंडळाच्या कामाचा नाही, तरी इथे विचारते, कारण आपल्यात नेटवर्कमधली जाणकार मंडळी आहेत.

आमचा मुलगा बेसमेंटमधल्या खोलीत व्हॅलोरंट खेळतो. दुपारी सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी मात्र पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) २५ वरून एकदम ४०० वर जातो, खेळाडू जागच्या जागी थिजतो आणि काही कळायच्या आत मरतो. टीममधली मुलं त्याला बोलतात, तो आमच्यावर चिडतो. यांची रात्री भारतातल्या ऑफिसबरोबर मीटिंग असते, तिच्यातही आवाज तुटतो. कंपनीला फोन केला तर त्यांनी तिकडूनच तपासून 'तुमची लाइन व्यवस्थित आहे' असं सांगितलं आणि दुप्पट वेगाचं पॅकेज घ्यायला सुचवलं. सध्या डाउनलोड ५०० आणि अपलोड २० एमबीपीएस आहे. स्पीड टेस्टमध्ये ४८० दिसतात. मग अडतंय कुठे? उपयोग होणार असेल तर जास्तीचे पैसे भरायला हरकत नाही, पण आधी खात्री हवी.

मेधा

---

प्रेषक: सुनील, ब्रॅम्प्टन

मेधाताई, अगदी हाच ताप आमच्याकडेही आहे. आम्ही तीन डब्यांचं मेश वायफाय (घरभर ठेवायचे, एकमेकांना जोडलेले डबे) आणलं. वरच्या खोल्यांतला टीव्ही सुधारला, पण मुलाच्या खेळात काडीचा फरक नाही. आता तो आठ अँटेनांचा गेमिंग राउटर मागतोय. विवेक, तुम्ही याच क्षेत्रात आहात. वेळ काढून जरा सविस्तर लिहाल का? हा प्रश्न बऱ्याच घरांत असणार.

सुनील

---

प्रेषक: विवेक, वॉटर्लू

मेधाताई, सुनीलदादा,

पॅकेज वाढवू नका, आणि नवा राउटरही आत्ताच आणू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधू. त्याला पैसा लागत नाही.

ऑनलाइन खेळाला वेग फारच थोडा लागतो. सतत १ एमबीपीएस मिळाला तरी बहुतेक शूटिंग गेमचं भागतं. खेळाला हवा असतो तो वक्तशीरपणा. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना एकदा. पिंग सतत ६० राहिला तरी मूल मजेत खेळेल. २५, मग ४००, मग ३० अशा उड्या सुरू झाल्या की खेळ संपला. स्पीड टेस्टमधला वेगाचा आकडा या उड्या दाखवत नाही. पाइप किती रुंद आहे एवढंच तो सांगतो, त्यामुळे ४८० चा आकडा इथे कामाचा नाही.

दोष शोधायची रीत अशी. मुलाच्या संगणकावर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत घरच्या राउटरला सतत पिंग करा (पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्याला खेळू द्या. लॅग आला की दोन्हींकडे बघा. राउटरचाच आकडा उडाला तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर १ ते ३ वर स्थिर आणि बाहेरचा उडाला तर मोडेम, लाइन किंवा कंपनीचं जाळं. दोन्ही स्थिर असून खेळच अडखळला तर गेमचा सर्व्हर, तिथवरचा रस्ता किंवा संगणक स्वतः. ही फोड न करता केलेला खर्च वाया जायची शक्यता जास्त. सुनीलदादा, मेशमुळे टीव्ही सुधारला पण खेळ नाही, याचं कारण इथेच सापडेल.

मेधाताई, तुमच्या पत्रातल्या ४०० या आकड्यावरून मला एक दाट शंका आहे. तुमचं अपलोड २० एमबीपीएस. अनेक जुन्या मोडेममध्ये बाहेर जाणारी माहिती साठवायला मोठी जागा असते. समजा ती १ मेगाबाइट आहे, म्हणजे ८ मेगाबिट. २० च्या वेगाने ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद लागतो, म्हणजे बरोबर ४०० मिलिसेकंद. घरातलं कुणीतरी अपलोडची लाइन पूर्ण भरत असलं की ही जागा तुडुंब भरलेली राहते आणि खेळाचं प्रत्येक चिमुकलं पॅकेट (माहितीचा तुकडा) तिच्या शेवटी जाऊन उभं राहतं. महाप्रसादाच्या रांगेत नुसतं तीर्थ घ्यायला आलेला माणूस डबे भरून घेणाऱ्यांच्या मागे अडकावा, तसं.

आणि हे संध्याकाळीच का? सगळे घरी येतात, फोन वायफायला लागतात, चार्जिंगवर जातात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो. फोर-के व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० मेगाबाइट जागा खातो. आपल्या कार्यक्रमातला मुलांचा दहा मिनिटांचा नाच म्हणजे १.७ गिगाबाइट. २० च्या अपलोडला त्यासाठी सव्वाअकरा मिनिटं पूर्ण लाइन लागते, आणि घरात फोन चार असतात. त्यात दारावरचा कॅमेरा धरा.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या केबल मोडेमवर त्याचा छडा लावला आणि हे नाव रूढ केलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. त्यातून निघालेली एफक्यू-कोडेल आणि केक ही तंत्रं आज अनेक राउटरमध्ये फुकट मिळतात. त्यांच्यामागे वर्षानुवर्षं राबलेले डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. घरोघरचे व्हिडिओ कॉल आज धड चालतात त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे, म्हणून नाव आवर्जून लिहितो.

करायचं असं: राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' (हीच रांग नीट सांभाळणारी सोय) शोधा. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे तुमच्याकडे १७ किंवा १८. मग रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते, आणि राउटर लहान पॅकेटांना ताटकळत ठेवत नाही. ५०० च्या डाउनलोडवर मात्र हे लावू नका. साध्या राउटरचा प्रोसेसर तेवढं पेलत नाही आणि तुमचा दोष अपलोडमध्येच दिसतोय. नुसतं 'क्यूओएस' (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लिहिलेल्या बटणावर विसंबू नका, त्यामागे काय चालतं ते प्रत्येक कंपनीत वेगळं असतं.

सुनीलदादा, अँटेना आठ असोत की दोन, राउटर घेताना एसक्यूएम आहे का तेवढं विचारा. मेशचे डबे एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्याला उशीर वाढतो. टीव्ही पुढचं आधीच साठवून ठेवतो म्हणून त्याला ते चालतं, खेळाला चालत नाही. खेळाच्या संगणकाला वायर, हा पहिला आणि शेवटचा उपाय. भिंत फोडायची नसेल तर खोलीत केबल टीव्हीचं जुनं कोॲक्सचं तोंड आहे का बघा. त्यावर मोका अडॅप्टरची (टीव्हीच्या केबलमधून नेट नेणाऱ्या डब्यांची) जोडी लावली की जवळजवळ इथरनेटच्या वायरसारखंच काम होतं, उशीर ३-४ मिलिसेकंदांचा. घरात केबल शिरते तिथे मोकाचा फिल्टर लावायचा, आणि तुमची जोडी मोडेमच्या लाइनवर चालेल ना हे घेण्याआधी कंपनीला विचारून घ्यायचं. विजेच्या प्लगमधून नेट नेणारे अडॅप्टर खेळासाठी मी सुचवत नाही. फ्रिज किंवा ड्रायर सुरू झाला की त्यांचा भरवसा राहत नाही.

विवेक

---

प्रेषक: मेधा, मिसिसागा

विवेक, मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या दोन खिडक्या मुलाने लावल्या. राउटरचा आकडा अधूनमधून ८०-९० वर जातो, पण ४०० फक्त बाहेरच्या खिडकीत दिसतो. सगळ्या फोनचे बॅकअप थांबवले तेव्हा ४०० गेला. पुन्हा सुरू केले, दोन मिनिटांत परत आला. मुलाला इतका आनंद झाला की त्याने स्वतःच राउटरची सगळी सेटिंग्ज वाचून काढली. आमच्या राउटरमध्ये एसक्यूएम आहे. अपलोड १७ वर ठेवलं, आता बॅकअप चालू असतानाही पिंग बहुतेक वेळ तीसच्या आसपास राहतो. यांची मीटिंगही नीट झाली.

एक गोष्ट मात्र उरलीय. पाऊस लागला की नेट मिनिट-दोन मिनिटं पूर्ण जातं आणि आपोआप परत येतं. कंपनी अजूनही 'सगळं ठीक' म्हणते. मोडेमचं पान उघडलं, १९२.१६८.१००.१ वर. तिथे येणारी पॉवर उणे ११ आणि जाणारी ५२ आहे, आणि 'अनकरेक्टेबल' च्या रकान्यात हजारोंचे आकडे आहेत. याचा अर्थ काय?

मेधा

---

प्रेषक: विवेक, वॉटर्लू

मेधाताई, हे पान उघडलंत ते उत्तम केलंत. राउटरचे अधूनमधूनचे ८०-९० वायफायचे, त्याला उपाय वायरचाच.

येणारी पॉवर उणे ७ ते अधिक ७ च्या दरम्यान असली की मोडेम निवांत असतो. उणे ११ म्हणजे सिग्नल क्षीण आहे. जाणारी ५२ म्हणजे आपला आवाज पलीकडे पोचावा म्हणून मोडेम बेंबीच्या देठापासून ओरडतोय. 'अनकरेक्टेबल' म्हणजे वाटेत बिघडलेली, मोडेमला दुरुस्त न करता आलेली माहिती. कुठेतरी वाटेत सिग्नल गळतोय.

बेसमेंटमध्ये केबल घरात शिरते तिथे जा, बहुधा फर्नेसजवळ. तिथे काडेपेटीएवढा एक धातूचा स्प्लिटर असेल. त्याला किती तोंडं आहेत आणि त्यातल्या कुठल्या केबल खरंच वापरात आहेत, ते बघून कळवा.

विवेक

---

प्रेषक: मेधा, मिसिसागा

सापडला! रंगाच्या जुन्या डब्यांच्या मागे. एका तोंडातून केबल आत जाते, तीन तोंडांतून बाहेर येते. दोन केबल वरच्या खोल्यांत जातात, तिथे आता टीव्हीच नाही. मोडेमच्या तोंडाजवळ '७' असा आकडा कोरलाय. तिथला स्क्रू हाताने फिरत होता आणि आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलंय.

मेधा

---

प्रेषक: विवेक, वॉटर्लू

तो ७ म्हणजे ७ डेसिबल. तुमचा सिग्नल त्या तोंडातून बाहेर पडताना एवढा घटतो, आणि तोही कुणी वापरत नसलेल्या दोन खोल्यांपायी. स्प्लिटर काढा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या जोडणीने बाहेरची केबल थेट मोडेमच्या केबलला जोडा. स्क्रू हाताने घट्ट करून मग पान्याने हलकासा पीळ द्या, जास्त नको. येणारी पॉवर उणे ४ च्या आणि जाणारी ४५ च्या आसपास यायला हवी.

तो हिरवा थर म्हणजे तांब्याला चढलेला गंज. ओल आत येतेय, बहुधा बाहेरच्या भिंतीवरच्या डब्यातून, आणि पावसात नेट जाण्याचं मूळही बहुधा तेच. ते टोक कंपनीने येऊन नवीन लावायचं, तुम्ही ते कापायला किंवा बदलायला जाऊ नका. फोनवर 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'पावसात लाइन तुटते, अनकरेक्टेबल वाढतात, केबलच्या टोकाला गंज आहे' असं सांगा आणि तंत्रज्ञाला घरीच बोलवा. पानाचे फोटो तारखेसह ठेवा, एक कोरड्या दिवसाचा आणि एक पावसाचा. तरीही टाळाटाळ झाली तर सीसीटीएसकडे तक्रार करा. कॅनडातल्या टेलिकॉम ग्राहकांसाठी ती स्वतंत्र संस्था आहे, तक्रारीला पैसे पडत नाहीत, आणि कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.

विवेक

---

प्रेषक: सुनील, ब्रॅम्प्टन

आमच्या घरीही कोॲक्सचं तोंड निघालं. कंपनीला विचारून घेतलं आणि मोका लावलं. मुलाची तक्रार संपली. फक्त पुण्यातल्या चुलत भावांबरोबर काउंटर-स्ट्राइक खेळताना पिंग अडीचशेच्या खाली येत नाही. त्याला उपाय आहे का?

सुनील

---

प्रेषक: विवेक, वॉटर्लू

सुनीलदादा, तो अडीचशे तुमच्या घरचा नाही, अंतराचा आहे. टोरांटो ते मुंबई सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन कमीत कमी १२५ मिलिसेकंद. शिवाय केबल सरळ रेषेत जात नाहीत. अटलांटिकपलीकडून जाणारी वाट युरोप, इजिप्त आणि लाल समुद्र अशा वळणाने मुंबईला पोचते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ याच वाटेवरच्या केबल तुटल्या होत्या, तेव्हा भारताकडचा उशीर आणखी वाढला होता. यावर कुठलाही राउटर चालत नाही.

मुलांना मुंबईचा किंवा शिकागोचा सर्व्हर घेऊ देऊ नका, एका बाजूच्या मुलांचे हाल होतात. लंडन किंवा फ्रँकफर्टचा घ्या. इथून साधारण ९०-१०० आणि पुण्याहून १३०-१४० पिंग मिळेल, दोन्हीकडे जवळपास सारखा. रविवारी सकाळी नऊला बसवा. उन्हाळ्यात पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेसात), आणि आपल्याकडे सकाळी लाइनवर गर्दी नसते. धाकट्यांना माइनक्राफ्टमध्ये एकत्र घर बांधायला द्या, तिथे दोनशेचा पिंगही जाणवत नाही.

विवेक