फोनची बॅटरी दिवसभर पुरावी म्हणून तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

पाऊसवेडी
काल संध्याकाळी लोकल कुर्ल्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. समोरची मुलगी सगळ्यांना विचारत होती, "टाइप-सी आहे का हो कुणाकडे? घरी फक्त एक फोन करायचाय." आणि मला एकदम २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा नंतर पेपरात आला. आम्हाला घरात एवढंच कळत होतं की बाबांचा फोन लागत नाहीये. संध्याकाळी एकदाच लागला. "घाटकोपरपर्यंत आलोय, ट्रॅकवरून चालतोय, बॅटरी..." आणि कट. आई रात्रभर गॅलरीत उभी. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी डोंबिवलीला पोचले, चपला हातात, पाय सोलवटलेले.

तेव्हापासून फोन चार्ज असणं ही माझ्यासाठी घरच्यांची सोय आहे, आपली नाही. आताच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असते तरी दुपारी चारला लाल रेघ दिसते, कारण मागे काय काय चालू असतं ते आपण बघत नाही. मी सेटिंग्जमध्ये 'बॅटरी वापर' अधूनमधून उघडते. एक खरेदीचं अ‍ॅप चोवीस तास लोकेशन घेत होतं. त्याला 'फक्त वापरताना' एवढीच परवानगी ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपचं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद केलं. पुष्कळ फरक पडला. तुमचे अनुभव लिहा ना. नुसत्या टिपा गुगलवर भरपूर आहेत, तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा.

कोकणकन्या
वाचून पोटात कालवलं गं. बाबा आता कसे आहेत?
माझं एकच. रोहा सोडलं की फ्लाइट मोड. आमच्या रेल्वेवर बोगद्यामागून बोगदे, एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटरचा. आत रेंज जाते, बाहेर आली की फोन पुन्हा टॉवर शोधायला लागतो, आणि टॉवर लांब असला की त्याच्यापर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. बॅटरी खरी तिथे जाते. चिपळूण आलं की फ्लाइट मोड काढायचा, आईला "पोचतेय" म्हणून सांगायचं, परत लावायचा. रत्नागिरीला उतरताना निम्म्याहून जास्त शिल्लक असते.

पाऊसवेडी
बाबा ठणठणीत! पंचाहत्तरी जवळ आली. पॉवर बँक गळ्यातल्या पिशवीत, घरात सुद्धा.

वऱ्हाडी ठेचा
चंद्रपूरवाले आहोत. आमच्या इकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जाते. फोन गाडीच्या हँडलवर लावून मॅप चालू ठेवला, वरून ऊन, स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, तर बॅटरी डोळ्यादेखत उतरते. चार्जिंगला लावा तर 'फोन गरम आहे' म्हणते अन् घेतच नाही. आयफोनला तर कंपनीनंच ० ते ३५ अंशांत वापरा म्हणून सांगितलंय. आता चंद्रपुरात ३५ अंश कधी राहते सांगा!
म्हणून मी मॅपचा आवाज इअरफोनवर घेतो अन् फोन खिशात, स्क्रीन बंद. चार्ज करताना कव्हर काढून ठेवतो, फरशीवर. फ्रिजमध्ये मात्र कोणी ठेवू नका, आत पाणी धरते. उन्हानं गेलेली बॅटरी परत येत नाही, हे ध्यानात ठेवा.

कोकणकन्या
दादा, काळजी घ्या. पन्हं पिताय ना?

वऱ्हाडी ठेचा
रोजच ताई. कांदाही खिशात राहते.

अंगणवाडीताई
मोखाडा तालुका. पाड्यावर जायचं, मुलांचं वजन-उंची अ‍ॅपमध्ये भरायची, फोटो काढायचा. पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर उंबराच्या झाडाखाली एक कांडी येते, तिथं उभं राहून सगळं पाठवायचं. तोवर फोन निम्म्यावर आलेला असतो. पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, मग चार्जिंग कुठं करणार.
आधी वहीत लिहून घेते. फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. झाडाखाली गेल्यावर चालू करते, एकदम भरते. दुसरं सिम काढूनच टाकलं, त्या कंपनीची रेंज इकडं नाहीच, ते दिवसभर शोधत बसायचं. त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. एखादं मूल तीव्र कुपोषित निघालं तर लगेच फोन लावावा लागतो, तेवढी बॅटरी राखून ठेवतेच.

पाऊसवेडी
ताई, तुम्हाला नमस्कार. दुसऱ्या सिमचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

सह्यभटक्या
+१ दुसऱ्या सिमला. सेटिंग्जमधूनही बंद करता येतं, काढायची गरज नाही.
ट्रेकला लोक म्हणतात फ्लाइट मोड लावला तर जीपीएस बंद होईल. होत नाही. जीपीएस उपग्रहाकडून फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. नकाशा आधी उतरवून घ्या. हरिश्चंद्रगडला धुक्यात वाट चुकलेल्या एका ग्रुपला आम्ही असंच खाली आणलं. त्यांच्या सगळ्यांचे फोन बंद, सगळ्यांनी वर येईपर्यंत रील काढलेले. थंडीत रात्री फोन स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, गारठ्याने टक्के पटापट पडतात.

टोरांटोची माई
गारठ्याचं अगदी खरं. इथे उणे वीसमध्ये बसस्टॉपवर ३० टक्क्यांवरून फोन थेट बंद. घरात येऊन ऊब लागली की चालू होतो आणि टक्केही परत दिसतात. आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा.
हरिश्चंद्रगड म्हटल्यावर कोकणकडा आठवला. किती वर्षं झाली.

मोबाइलवाला सातारा
माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. रोज ऐकतो म्हणून लिहितो.
लोक दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप वर सरकवून मारतात. त्यानं बॅटरी वाचत नाही. तेच अ‍ॅप परत उघडताना पहिल्यापासून लोड होतं, उलट जास्त खातं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की अ‍ॅपना झोपवायचं काम तो स्वतःच करतो.
डार्क मोडचा फायदा अमोलेड स्क्रीनला, कारण तिथं काळा भाग पेटतच नाही. एलसीडीला मागचा दिवा सारखाच चालू.
गावाकडं ५जी अर्धवट येतं. फोन ४जी-५जी करत राहतो. नेटवर्क सेटिंगमध्ये ४जी करून बघा.
बॅटरीची ताकद मूळच्या ८० टक्क्यांखाली आली की सेटिंग बदलून भागत नाही, बॅटरीच बदला. आणि मागचं झाकण फुगलंय असं वाटलं तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, टोचू नका. मागच्या महिन्यात एक आजी फुगलेला फोन रबरबँड लावून घेऊन आल्या. नातवाचे फोटो त्यात. फोटो काढून दिले, आजींच्या डोळ्यांत पाणी.

सदाफुली
मी थोडं उलट लिहिते. सासऱ्यांना मधुमेह. इन्सुलिनची आठवण करणारं अ‍ॅप फोनवर आहे. दिरांनी बॅटरी वाचावी म्हणून अल्ट्रा सेव्हर लावला आणि अ‍ॅपची सूचना यायचीच बंद झाली. नशीब, शेजारच्या काकू रोज त्या वेळेला येतात. म्हणून सांगते, बचत करताना गजर, औषध, घरच्यांचे कॉल यांना हात लावू नका. त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीमध्ये 'अनिर्बंध' करा. बाकी सगळं उपाशी ठेवलं तरी चालेल.

मळेवाला
रात्री कांद्याला पाणी द्यायला जातो. मोटर मोबाइलवरून सुरू होते, पण बारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, जावंच लागतं. पूर्वी फोनची टॉर्च वापरायचो. आता डोक्याला बांधायची बॅटरी घेतली वेगळी. फोन फोनसाठीच. बिबट्या आहे भागात, एक कॉल करायला फोन जिवंत पाहिजे.

सह्यभटक्या
जुन्नरकडचे का? काठी वाजवत जा दादा. मोबाइलवर गाणी लावून जातात काही जण.

मळेवाला
हो, ओतूर. रेडिओ लावतो, तो वेगळ्या सेलवर.

सदाफुली
अवांतर विचारते. सासूबाई पहिल्यांदा विमानाने जाणारेत, नणंदेकडे बंगळुरूला. २०,००० एमएएचची पॉवर बँक चालते का?

मोबाइलवाला सातारा
चालते. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० ला ३.७ ने (आतल्या सेलचे व्होल्ट) गुणा, हजाराने भागा, ७४ येतात. पण हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. आणि २०,००० मधले सगळे फोनला मिळत नाहीत, ३.७ चे ५ व्होल्ट करण्यात जातात, साधारण दोन तृतीयांशच हाती येतात. लेबलवर आकडे पुसट असतील तर अडवतात, नीट वाचता येतात ना ते बघा.

सदाफुली
पुसटच आहेत. नवीनच घेते उद्या. आभारी आहे दादा.