प्रति: संगणकालाच क्रॉसओव्हर करायचं तर

क्रॉसओव्हर म्हणजे आवाज जाड-बारीक स्वरांत वाटून प्रत्येक भाग वेगळ्या स्पीकरला देणं. ते संगणकात करायला दोन स्वस्त यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी यंत्रं) जोडून चार चॅनेल काढायची कल्पना या चर्चेत वर आली आहे, ती टाळा. दोघांची आतली घड्याळं वेगळी, त्यामुळे वूफर (बासचा स्पीकर) आणि ट्वीटर (बारीक स्वरांचा स्पीकर) यांचे आवाज वेळेत हळूहळू एकमेकांपासून सरकतात. त्यापेक्षा एकच ५.१ साउंड कार्ड घ्या. सहा चॅनेलमध्ये स्टिरिओ थ्री-वेसुद्धा (दोन्ही बाजूंना तीन-तीन स्पीकर) भागतं. फिल्टर लावायला विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर कॅमिलाडीएसपी ही सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट. सुरुवात लिंकविट्झ-रायली प्रकारच्या फिल्टरने, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह उताराने करा. खरा खर्च प्रत्येक चॅनेलला लागणाऱ्या जादा अ‍ॅम्प्लिफायरांचा, तो कुणी धरतच नाही!

आणि ट्वीटरला सिरीजमध्ये कपॅसिटर हवाच. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर फिल्टर कधीकधी गुपचूप गायब होतात, मग सगळा बास थेट ट्वीटरवर. ८ ओहमच्या ट्वीटरला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण १००० हर्ट्झखालचे स्वर कमी करतो. क्रॉसओव्हर ३००० च्या आसपास असेल तर चालतं.