‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (२००५): शेवट, राख आणि मुलगा

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या या चित्रपटात पृथ्वीवर हल्ला करणारे परग्रहवासी अखेरीस सूक्ष्मजंतूंमुळे मरतात. ही पटकथेची पळवाट आहे, असा आक्षेप काहीजण घेतात; तो मला पटत नाही. तो शेवट स्पीलबर्ग यांचा नव्हे, एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीचाच आहे. माणसाची सगळी शस्त्रे निकामी ठरल्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव त्याला तारतात, हेच त्या कथेचे मर्म असल्याने ते बदलले असते तर रूपांतराला अर्थच उरला नसता.

चित्रपटाची खरी ताकद मला त्याच्या मर्यादित नजरेत दिसते. गोदीत क्रेन चालवणारा नायक पहिल्या हल्ल्यातून कसाबसा घरी पोहोचतो, आरशात पाहतो आणि अंगावरची करडी धूळ ही जळालेल्या माणसांची राख आहे हे उमगताच ती वेड्यासारखी झटकू लागतो. पुढे रेल्वेफाटकावर थांबलेल्या गर्दीसमोरून पेटलेली गाडी भरधाव निघून जाते, आणि फाटक उघडताच लोक मुकाट्याने चालू लागतात. सेनापतींच्या बैठका दाखवून ही भीती कधीच उभी राहिली नसती.

परग्रहवाशांची यंत्रे आधीपासूनच जमिनीत पुरलेली होती, हा कादंबरीत केलेला बदल मात्र कच्चा आहे. नायकाच्या मुलाचे शेवटी सुखरूप परतणे तर मला मुळीच पटले नाही. कादंबरीतही निवेदकाला पत्नी जिवंत भेटते, हे खरे. पण इथे मुलगा ज्या टेकडीपलीकडे गेला, ती आगीत लपेटलेली आपण स्वतः पाहिलेली असते.