काश्मीरला आलोय, केबिनचा हिटर गार हवा फेकतोय

नमस्कार मंडळी, दहाचाकी ट्रक घेऊन सोपोरला सफरचंद भरायला निघालोय, माल वाशीला टाकायचाय. बनिहालचा बोगदा ओलांडला तशी थंडी एकदम अंगावर आली, हिटर लावला तर ब्लोअर जोरात फिरतोय पण हवा गारच. दोन तास गाडी चालवूनही टेंपरेचरचा काटा पाव भागाच्या वर जात नाही. रात्री काच आतून पांढरी होते, फडक्याने पुसत बसतो. उन्हाळ्यात नागपूरकडे गाडी गरम व्हायची, तेव्हा एका मिस्त्रीकडून काम करून घेतलं होतं, त्यानंतर गरम झाली नाही. क्लीनर नवा पोरगा आहे, रात्रभर कुडकुडतो, लवकर सांगा.

घाटवाला_फिटर:
भाऊ, ब्लोअर फिरतोय म्हणजे फ्यूज, मोटर सोडून दे. इंजिन अर्धा तास चालू ठेव आणि हिटरला जाणारे दोन रबरी पाईप हाताने चाचप, फॅनपासून हात लांब ठेव. एक चटका देतोय आणि दुसरा गार असेल तर हिटरचा कॉक उघडत नाहीये नाहीतर कोअर, म्हणजे हिटरचं छोटं रेडिएटर, चोक झालंय. दोन्ही नुसते कोमट असतील आणि काटाही खाली, तर मला थर्मोस्टॅटवरच संशय आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी तापली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात, मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन गरमच होत नाही, डिझेलही जास्त जातं. तुझ्या नागपूरच्या कामात हेच झालं असणार. आणि हो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मनमाडकर:
रेडिएटरमध्ये कुलंट (थंडीत न गोठणारं द्रव) आहे की नुसतं पाणी ते आधी बघा दादा. तिकडे रात्री पारा शून्याच्या खाली जातो, पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर काय, इंजिनचा ब्लॉकही तडकतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला, उणे ३० पर्यंत काळजी नाही. बोअरचं पाणी वर्षभर घातलं असेल तर हिटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसलेले असणार, कोअर उलट्या बाजूने साध्या पाण्याने धुवून घ्या, प्रेशर कमी ठेवा.

बाबूराव_ड्रायव्हर:
पोरांनो एकच सांगतो, हिटर दुरुस्त होईपर्यंत केबिन बंद करून शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नका. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दोन रजया घ्या, ढाब्यावर झोपा.

मूळ प्रश्नवाला:
बाबूराव काका, काल रात्री आम्ही स्टोव्ह लावणारच होतो, तुमचं वाचून ढाब्यावर गेलो. दोन्ही पाईप कोमटच निघाले. अनंतनागला मिस्त्रीने हाऊसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही, नुसतं पॅकिंग. नवा ८२ डिग्रीला उघडणारा बसवला, पाणीही नुसतंच होतं, ते काढून कुलंट भरलं. पण सुरू केल्यावर हिटर परत गार, एअर अडकलेली. मग मिस्त्रीने गाडीचं तोंड चढाला लावलं, हिटर फुल उघडा ठेवून हळूहळू भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत. वीस मिनिटांत काटा मधोमध आला आणि पायाशी गरम वारा लागला. पोरगा पाय तिथेच ठेवून झोपलाय. उद्या पहाटे सोपोर.