जुन्या सायकलची 'नाइट रायडर'मधली किट करायचीय, कुणी असलं काही केलंय का?

ढिली_चेन
नमस्कार मंडळी. माझी शाळेतली सायकल, काळी कसली आता तपकिरीच म्हणा, गिअरबिअर काही नाही, इतकी वर्षं जिन्याखाली पडून होती. परवा बाहेर काढली तर टायरट्यूब आणि सीट सोडून बाकी माल धड निघाला. आता झालंय असं की ११ वर्षांच्या भाच्याला मी 'नाइट रायडर'चे (ती ऐंशीच्या दशकातली अमेरिकन मालिका, किट म्हणजे त्यातली बोलणारी काळी गाडी) जुने एपिसोड दाखवायची चूक केली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, मामा आपण हिचीच किट करू, पुढे लाल लाइट पळवू, हिला बोलती करू वगैरे. खोटं कशाला बोलू, खाज मलाही आहेच, त्याच्या वयाचा असताना मालिकेतल्या हिरोसारखा मनगटातल्या घड्याळाशी बोलत याच सायकलवरून फिरायचो मी.

डोक्यात प्लॅन असा आहे: पूर्ण काळा चकाचक रंग, पुढे हँडलला पुठ्ठ्याचं टोकदार नाक, दोन्ही बाजूंना दरवाज्याच्या आकाराचे पुठ्ठे, आणि नाकावर तो इकडून तिकडे पळणारा लाल दिवा. रंगाचं जमेल, पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी ढ आहे. दिवा कसा करायचा आणि त्याला करंट कुठून द्यायचा, डायनॅमोवर चालेल का?

ऐंशीचा_प्रेक्षक
वा! असे धागे यायला पाहिजेत राव.

पण एक सांगू का, दरवाजे बिरवाजे सोडून द्या. ती मूळ गाडी म्हणजे १९८२ ची पाँटिअॅक फायरबर्ड ट्रान्स अॅम, बाजूने बघितली तर त्या काळातली एक काळी स्पोर्ट्स कार, बास. तिला किट करतं ते नाक आणि त्यातली लाल रेघ. अंधारात नुसती ती रेघ हलताना दिसली तरी माणूस ओळखतो, त्यामुळे अख्खी मेहनत तिथे घाला. ती आयडिया मुळात मालिका काढणाऱ्या ग्लेन लार्सनच्याच आधीच्या मालिकेतली, १९७८ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त सायलॉन नावाचे यंत्रमानव होते, त्यांच्या डोळ्यात असाच लाल ठिपका फिरायचा. अजूनही इलेक्ट्रॉनिक्सवाले असल्या सर्किटला 'लार्सन स्कॅनर'च म्हणतात, शोधताना हा शब्द टाका, ढिगाने मिळेल.

दुसरी खूण म्हणजे चाकांवरच्या त्या काळ्या गुळगुळीत टोप्या. मागच्या चाकाला आऱ्यांवर काळ्या प्लॅस्टिकची गोल चकती बांधा, मस्त दिसेल. आणि तिसरी, हँडलच्या मधोमध आवाजाची डबी, म्हणजे किट बोलताना लुकलुकायची ती. सुरुवातीच्या भागांत नुसता एक लाल चौकोन उघडझाप करायचा, तीन उभ्या पट्ट्या नंतर आल्या. तुम्ही चौकोनच करा, सोपं पडेल आणि जाणकार लोक खूश होतील. जाणकार म्हणजे मीच म्हणा.

सोल्डरचा_धूर
दिव्याचं मी सांगतो. दोन रस्ते आहेत.

जुना रस्ता: ५५५ टायमर (ठरावीक वेळाने टिकटिक देणारी चिप) आणि ती टिकटिक मोजणारी ४०१७ ची चिप. ४०१७ ला १० आउटपुट असतात आणि ती एकामागून एक चालू होतात. एलईडी फक्त ६ लावायचे. पहिली सहा आउटपुट जाताना, उरलेली चार परत येताना मधल्या चार एलईडींना, म्हणजे १ २ ३ ४ ५ ६ ५ ४ ३ २ असं चक्र बसतं. मधल्या चौघांना दोन दोन आउटपुट जोडायची असल्यामुळे प्रत्येक वाटेवर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकायचा, एकूण आठ, नाहीतर एक आउटपुट दुसऱ्याला खाली ओढतं आणि मग चिप का गरम होतेय म्हणून रात्रभर बसाल. भाच्याला सोल्डरिंग शिकवायचं असेल तर हाच रस्ता धरा.

सोपा रस्ता: अर्दुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आणि डब्ल्यूएस२८१२बीची पट्टी, जिचा प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येतो, त्यातले १६ एलईडी कापून घ्यायचे. तीन वायरी, बास. आता खरी गंमत ऐका. मालिकेतल्या गाडीत साधे फिलामेंटचे बल्ब होते, आणि फिलामेंट विझवलं तरी क्षणभर धगधगत राहतं, म्हणून त्या दिव्याला ती शेपटी आहे. एलईडी फटकन विझतो. नुसता ठिपका पळवला तर दुकानाच्या पाटीसारखं दिसतं, किट अजिबात वाटत नाही. म्हणून कोडमध्ये दर पावलाला आधीच्या सगळ्या एलईडींचा उजेड पुसून न टाकता थोडा थोडा कमी करायचा. आणि पट्टीपुढे दुधी प्लॅस्टिक, त्याच्यापुढे काळसर अॅक्रिलिक, म्हणजे ठिपके मोजता येत नाहीत आणि बंद असताना फट नुसती काळी दिसते. हे अॅक्रिलिक चुकवू नका, अर्धी जादू त्यात आहे.

करंटचं म्हणाल तर डायनॅमो विसरा. तो एसी देतो, वेगाप्रमाणे व्होल्टेज वरखाली, आणि सायकल थांबली की किट मेली. पॉवर बँक चालेल पण यात एक भानगड आहे, हे सर्किट इतकं कमी करंट घेतं की बऱ्याचशा पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात. मी सरळ चार रिचार्जेबल एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) सेल वापरतो, ४.८ व्होल्ट होतात. साधे अल्कलाइन चार घालू नका हां, ते नवे असताना ६ व्होल्टच्या पुढे जातात आणि या पट्टीची मर्यादा ५.३ आहे. आणि हँडलकडे जाणाऱ्या वायरीला सैल वेटोळं ठेवा, नाहीतर दोन वळणांत तुटेल.

आधी_ब्रेक
सगळे दिव्यातच अडकलेत, मी जरा पाणी ओततो.

एक. लाल दिवा पुढे?? रस्त्यावर लाल म्हणजे वाहनाची पाठ. समोरच्याला अंधारात पुढे लाल दिसलं की त्याला वाटतं तुम्ही त्याच्याच दिशेने चाललाय, आणि तुम्ही तर त्याच्या अंगावर येताय. उगाच नाही १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारात पुढे लाल दिवा दाखवायला बंदी घातलीय. पुढे पांढरा, मागे लाल, यात तडजोड नाही. पुढचा स्कॅनर लावायचाच असेल तर स्टँडवर उभी असताना.

दोन. हँडलला पुठ्ठ्याचं नाक. करून बघा, हँडल जड होईल आणि वारा आला की स्वतःच वळेल. फ्रेमच्या डोक्याला पक्कं केलंत तर मग आत चाक आणि हँडल पूर्ण वळायला जागा हवी, ब्रेकच्या सळ्याही तिथेच असतात. आणि पुठ्ठा एका पावसात लगदा होतो, जाहिरातींच्या बोर्डाला असते ती पोकळ प्लॅस्टिक शीट घ्या, हलकी असते, कटरने कापते. बाजूचे दरवाजे म्हणजे शीड आहे शीड, आडवा वारा सरळ पाडेल. मागच्या चाकाला चकती ठीक. पुढच्या चाकाला अजिबात नको, कारण तेच.

तीन. रंगाआधी फ्रेम बघा. पॅडलच्या खालची नळी आणि मागचा चिमटा हलक्या हाताने ठोकून पाहा, गंज आतून खातो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क घाला आणि पोराला लांब ठेवा. रिमला ब्रेकचे गट्टू घासतात तिथे आणि आट्यांवर रंग नको. चकाचक काळा एकाच जाड हाताने येत नाही, ओघळतो. प्रायमर, मग पातळ पातळ चारपाच हात, मग क्लिअर.

ब्रेक कसे आहेत याबद्दल अख्ख्या पोस्टमध्ये एक अक्षर नाही, ते बघून मला काळजी वाटतेय.

ऐंशीचा_प्रेक्षक
@आधी_ब्रेक पाणी कसलं, बादलीच ओतली की.
पण लालचा मुद्दा मान्य. पुढे पिवळा लावा असं म्हणणार होतो पण मग ती किट राहत नाही, तिचा दुष्ट भाऊ कार्र होतो, तो मालिकेत दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा दिवा पिवळाच होता. भाचा माफ करणार नाही.

सोल्डरचा_धूर
मग मागे लावा ना! लालची जागा तीच आहे. कॅरिअरच्या मागे आडवी पट्टी. फक्त स्कॅनरच्या भरवशावर राहू नका, तो सरकत असतो, त्याच्याखाली एक स्थिर लाल टेललाइट आणि रिफ्लेक्टर ठेवा.

ढिली_चेन
उशीर झाला कळवायला, महिना गेला. सगळ्यांचे आभार, आधी_ब्रेक यांचे जास्त, कारण मी शहाणपणा करून आधी पुठ्ठ्याचं नाक हँडलला बांधून बघितलंच होतं. अंगणातच एक वळण घेतलं, पुठ्ठा दुमडला, पुढच्या चाकात गेला आणि मी आडवा. कोपर सोलवटलं, वेग नव्हता म्हणून बरं. भाचा म्हणतो टर्बो बूस्ट (किट ज्याने उडी मारते तो) उलटा लागला.

आता नाक प्लॅस्टिक शीटचं, लहानसं, फ्रेमला पक्कं, मधे पांढरा दिवा. दरवाजे रद्द. मागे चकती. स्कॅनर मागे कॅरिअरला, १६ एलईडी, काळ्या अॅक्रिलिकमागे. पहिल्यांदा शेपटीशिवाय चालवला तेव्हा खरंच दुकानाची पाटी वाटली, मग कोडमध्ये तो उजेड कमी करायचा आकडा भाच्यानेच खालीवर करून बसवला, माझ्यापेक्षा त्याला लवकर समजलं. लावला तेव्हा दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ. रंग मात्र दोन ठिकाणी ओघळलाच, चकतीच्या बाजूला आहे म्हणून झाकला जातो.

अडचण एकच उरलीय. दिवा मागे असल्यामुळे चालवणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि हे भाच्याच्या लक्षात पहिल्याच फेरीत आलं. म्हणून आता मामा तू चालव ना असा हुकूम आहे, मी किटवर पुढे, तो त्याच्या सायकलवर मागून, घड्याळात बोलत. किट डावीकडे. किट थांब. आणि मी थांबतो.

आधी_ब्रेक
थांबतोस म्हणजे ब्रेक केलेस वाटतं.

ढिली_चेन
नवे गट्टू, नव्या सळ्या, दोन्हीकडे. रंगाच्याही आधी.