शब्दचर्चा : 'गावठी बदक' म्हणजे नेमकं कुठलं? आणि पिसांच्या रंगांना मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या आत्याने मागच्या महिन्यात कुडाळच्या बाजारातून बदकांची जोडी आणली. विकणारा म्हणाला, "गावठीच आसत, व्हरा." शेजारचे काका म्हणतात ही खाकी, गावठी नव्हेत. आत्या म्हणते गावात वाढली म्हणजे गावठीच, त्यात काय एवढं. मी म्हटलं चला, जनावरांच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी वर्णन लिहून काढते, आणि तिथेच अडले. मादी सगळी सुकलेल्या शेतातल्या मातीसारखी, नर अंगाने तसाच पण मान आणि डोकं गडद, उन्हात आलं की त्यावर हिरवट चमक येते, शेपटीवर दोन-तीन पिसं वर वळलेली. एवढं लिहिताना मी तीनदा खोडलं.

पहिला प्रश्न, पक्ष्याच्या अंगावरच्या सगळ्या पिसांना मिळून काय म्हणायचं? 'पिसारा' लिहिलं तर डोळ्यासमोर मोर येतो. पंख म्हणजे उडायचा अवयव, पण आपण बोलताना 'पंख गळाले' असंही म्हणतो आणि तेव्हा पिसंच गळालेली असतात. 'पर' हा फारसीतून आलेला, तो आमच्याकडे कोणी बोलण्यात वापरत नाही. मला शेवटी साधं 'पिसं' बरं वाटलं, पिच्छ वरून पीस, आपलंच आहे, आणि 'पिसांचा रंग' म्हटलं की कुणालाही कळतं.

दुसरं जास्त छळणारं. रानातल्या बदकांना मराठीत इतकी सुंदर नावं आहेत! हळदीकुंकू बदक घ्या, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, ज्याने नाव ठेवलं त्याने ते जवळून बघितलेलं होतं हे नक्की. तलवार बदकाची शेपटी लांब टोकदार, भुवई बदकाच्या डोळ्यावर पांढरी भुवई, थापट्याची चोच थापीसारखी पसरट. आणि अंगणातल्या बदकाला काय? नुसतं बदक. फार तर पांढरं बदक, नाहीतर गावठी. असं का असावं? आणि 'गावठी' ही बदकाची जात आहे का?

प्रतिसाद :
ताई, 'गावठी' ही जात नाही, ती किमतीची पाटी आहे. अंड्याला लावली की भाव वाढतो, दारूला किंवा कट्ट्याला लावली की पोलीस येतात. कोंबडीत गावठी म्हणजे ब्रॉयलर नाही ती, एवढाच अर्थ बाजारात उरलाय. बदकाचं म्हणाल तर आपल्याकडे कोंबडीएवढी बदकं पाळलीच नाहीत लोकांनी म्हणून शब्द तयार झाले नाहीत, असं मला वाटतं. केरळात कुट्टनाडला भात कापून झालं की बदकांचे कळपच्या कळप शेतात सोडतात सांडलेले दाणे खायला, तिथे पिसांच्या रंगावरून चारा आणि चेंबल्ली असे दोन प्रकार सरळ नावाने ओळखतात. आसामात पाती, बिहारात मैथिली. जिथे धंदा तिथे शब्द.

प्रतिसाद :
आधी जात आणि प्रजाती वेगळं करूया, नाहीतर सगळा धागा भरकटेल. हळदीकुंकू, तलवार, थापट्या या वेगवेगळ्या प्रजाती. अंगणातली जवळजवळ सगळी बदकं मात्र एकाच प्रजातीची, हिरव्या डोक्याच्या मॅलार्ड या रानबदकाची वंशज, माणसाने निवडून निवडून केलेल्या जाती. अपवाद मस्कोव्ही, ते लाल गाठाळ तोंडाचं, ते मूळचं अमेरिकेतलं आणि त्याच्या नराच्या शेपटीला वळलेली पिसं नसतात. तुमच्या नराला आहेत म्हणजे ते सुटलं. 'वाण' मी बियाण्यालाच वापरीन, जनावराला जातच.

आता ओळख. मादीकडे बघा, नराकडे नको. डोळ्यावरून आडवी काळपट रेघ आहे का? आणि पंख उघडून धरा, त्यात निळा चमकदार पट्टा आणि त्याला पांढरी किनार आहे का? दोन्ही असेल तर रानमॅलार्डचा रंग टिकलाय, म्हणजे गावठी मिसळीची शक्यता जास्त. दोन्ही नसेल, चेहरा एकसारखा मातकट आणि पंखातला पट्टाही मातकटच असेल, तर खाकी कॅम्पबेल. त्या पट्ट्याला मी मराठीत 'आरसा' म्हणते, आमच्या घरात तोच शब्द रूढ झालाय.

प्रतिसाद :
आरसा! हा शब्द मी उचलला.

खाकीबद्दल मला सांगायलाच हवं कारण या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. त्यावरून खाकी. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने मातीच्या रंगाचे कपडे घातले आणि शब्द इंग्रजांनी उचलला. पुढे इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या उली गावी अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी रनर आणि रुआँ या पाळीव जाती आणि रानातलं मॅलार्ड यांचा संकर करून अंडी भरपूर देणारं बदक तयार केलं. ते १८९८ मध्ये लोकांसमोर आलं आणि १९०१ च्या सुमारास त्याच्या मातकट रंगाला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या इंग्रज सैनिकांच्या गणवेशावरून खाकी म्हणायला लागले. म्हणजे शब्द इथून गेला, तिकडे बदकाला चिकटला आणि बदकासकट कुडाळच्या बाजारात परत आला. उलट 'इंडियन रनर' बघा, बाटलीसारखं उभं चालणारं, नावात इंडियन पण ते जावा-बाली-लोंबोककडचं. नावावरून मुलूख ठरवू नये.

धागालेखिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी आत्याने मादी धरली आणि मी पंख उघडून बघितला. डोळ्यावर रेघ नाही. आरसा पण नाही, तिथे अंगापेक्षा किंचित गडद तपकिरी पट्टा, बस. चोच काळपट हिरवी. म्हणजे काका बरोबर. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "खाकी असो नायतर गावठी, रोज अंडा देता ना." पण मला आनंद झाला कारण आता मी बघू शकते, आधी नुसतं तपकिरी बदक दिसत होतं.

प्रतिसाद :
रंगांचं राहिलंच की. आपल्याकडे गुराढोरांचे रंग सांगायला भरपूर शब्द आहेत ते बदकाला का लावू नयेत? पांढरे मोठे पट्टे असले तर बांडं. ठिपके ठिपके असले तर कबरं. फिकट बदामी असेल तर गव्हाळ. आणि खाकीला मातकट. पेकिन जातीचं बदक नुसतं पांढरं नसतं, किंचित पिवळसर असतं, त्याला आमची आजी 'सायीचं' म्हणायची, नारिंगी चोच आणि सायीचं अंग. किती नेमकं आहे बघा.

फक्त एक जपा, मॅलार्डच्या रंगाचा नर विणीचा हंगाम संपला की पिसं झाडतो आणि काही महिने मादीसारखाच दिसतो. तेव्हा लोक म्हणतात नर गेला, मादी आली. रंग बघून फसाल, आवाज ऐका. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी, नराचा आवाज बसलेला, घोगरा. या पिसं झडण्याला कोणी 'कात टाकणं' म्हणू नका, कात सापाची. 'पिसझड' म्हणा, आमच्याकडे कोंबडीलाही तेच म्हणतात.

धागालेखिका :
पिसझड, आरसा, सायीचं, बांडं, चारही वहीत लिहिले. आणि एक बातमी, ही मादी अंडी देते पण बसत काही नाही, खाकी सहसा बसत नाहीत म्हणे, म्हणून आत्याने तिची आठ अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीच्या पिल्लांना २१ दिवस लागतात, यांना २८, ती बिचारी आठवडाभर जास्त बसेल का याचीच काळजी आहे. रोज सकाळी थोडं पाणी शिंपडतोय अंड्यांवर.